बॅटरीचा झोत लांबट का पडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीला अंतर्गोल आरसा शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर बॅटरी काढतो. नाभीवर एक ठिपका आणि तिथून निघून आरशावर आपटून समांतर जाणारे किरण. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी हेच चित्र वर्षानुवर्षे काढलं. ते अपुरं आहे, हे मला गोठ्याच्या भिंतीवर कळलं.

घरात वडिलांची तीन सेलची जुनी बॅटरी आहे. बल्ब गेला म्हणून नवा घातला. रात्री लाईट आल्यावर मोटार चालू करायला निघालो, तर भिंतीवर नेहमीचा गोल उजेड नाही; काकडीसारखा लांबट, आडवा. दुकानदार म्हणाला, आरसा गेला, नवीच घ्या. आरसा तर लख्ख होता! बल्ब तसाच ठेवून आरसा पाव फेरा फिरवला, उजेड आडवाच. मग बल्ब पाव फेरा फिरवला, आणि उजेड उभा झाला. म्हणजे आरशाचा दोष नव्हताच.

बल्बमधली तार जवळून पाहा. टंगस्टनची ती बारीक गुंडाळी दोन खांबांना बांधलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी आडवी असते. मध्य नाभीवर आला तरी दोन्ही टोकं बाजूला राहतात. तिथून निघालेले किरण आरशावरून जरा तिरपे जातात आणि झोत तारेच्या लांबीकडे पसरतो. माझ्या जुन्या बल्बात तार आरशाच्या अक्षावर, टोक काचेकडे करून बसवलेली होती. तशा तारेला डावं-उजवं नसतं, म्हणून उजेड गोल. शिवाय तारेचा उजेड टोकाकडून कमी, अंगाकडून जास्त निघतो. तो बहुतेक आरशावरच पडतो.

लेन्स पुढे ओढायच्या एलईडी बॅटरीत तार नसते, पण भिंतीवर चौकोन उमटतो. तो आतल्या चौकोनी चिपचाच.

हे नुसतं पुस्तकी नाही. पायवाटेने जाताना उभा उजेड बरा, पायापासून लांबपर्यंत वाट दिसते. उसाच्या कडेने जनावर बघायचं तर आडवा. आमच्या जंगलालगतच्या गावांत अस्वलाची भीती असते, तिथे हा फरक मोठा आहे.

तेव्हा जुनी बॅटरी भंगारात घालण्याआधी बल्ब एकदा फिरवून बघावा. आणि शिक्षक बंधूभगिनींनी नाभीवर ठिपक्याऐवजी एक छोटी आडवी रेघ काढून मुलांना विचारावं, आता किरण कुठे जातील?

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव