तुर्भ्याच्या इंजेक्टरवाल्या दादांना जाहीर थँक्यू

दादा, तुम्ही पैसे घेत नाही आणि तोंडावर थँक्यू म्हटलं की विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय.

बाकीच्यांसाठी सांगतो, माझी जुनी जिप्सी, तेराशे सीसी, त्यावर स्पीडुइनो (इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा ओपन-सोर्स कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू) बसवलेला. आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) मस्त, पण हेडलाइट आणि ब्लोअर लावला की इंजिन थरथरायचं आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लगेच लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवायचा. ज्याला विचारावं तो म्हणे पेट्रोलच्या टेबलात आयडलच्या सेलमधे (चौकटीत) व्हीई, म्हणजे इंजिन किती हवा ओढतं तो आकडा, वाढव. दादांनी टेबल उघडलंच नाही! बॅटरीला मल्टिमीटर लावला, लाइट चालू-बंद करून व्होल्टेज बघितलं आणि म्हणाले, "टेबलचा काय दोष, डेड टाइम बघ."

म्हणजे कसं, आयडलला इंजेक्टरला (पेट्रोल फवारणाऱ्या नोझलला) सिग्नलच मिळतो दोन-अडीच मिलिसेकंदांचा, त्यातला एखादा मिलिसेकंद नुसता उघडण्यात जातो (हाच डेड टाइम) आणि व्होल्टेज पडलं की तो वेळ अजून वाढतो, मग पेट्रोल कमीच पडणार ना. बेस मॅपसोबत (सुरुवातीच्या तयार सेटिंगसोबत) आलेला, कुठल्या व्होल्टेजला किती डेड टाइम हे सांगणारा कर्व्ह माझ्या इंजेक्टरला जुळत नव्हता, तेवढाच बदलला. आता सगळे लाइट लावले तरी सुई हलत नाही.

दादांचं म्हणणं एकच, टेबलात फक्त इंजिन किती हवा ओढतं तेवढं भरायचं, दुसऱ्या कुणाचं पाप तिथे झाकायचं नाही. म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ठाण्यात शंभरच्या आसपास किलोपास्कल दाखवतोय का हे बघायला लावलं (लोणावळ्याला गेलात तर चौऱ्याण्णवच्या आसपास दिसेल, घाबरू नका). आणि एएफआर (हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण) सोडून लॅम्डा (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा) लावायला लावला, कारण साध्या पेट्रोलचं 14.7 धरून बसलं तर ई20 चं (वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं) असतं साडेतेराच्या आसपास, लॅम्डा 1 मात्र दोन्हीकडे 1.

मग पहाटे गायमुखचा घाट. दादा स्टिअरिंगवर, मी लॅपटॉपवर, अॅक्सलरेशन एनरिचमेंट (पेडल दाबताच जास्तीचं पेट्रोल देणारं सेटिंग) बंद. तिसऱ्या गिअरमधे आरपीएम आणि लोड बरोब्बर सेलच्या मध्यावर धरून ठेवायचा, कारण मधेच कुठेतरी असलात तर ईसीयू आजूबाजूच्या चार सेलची सरासरी काढतो आणि कुठला चुकतोय ते कळत नाही. लॅम्डाचं टार्गेट 1, दिसतोय 1.08, सेलमधे 52 आहे, तर 52 गुणिले 1.08, भर 56. एवढं सोप्पं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं राव! फुल थ्रॉटलला मात्र टार्गेटच 0.87, तिथे कंजुषी करायची नाही हे त्यांनी दम देऊन सांगितलं, एरवी आवाज चढवत नाहीत.

दादा, कोल्ड स्टार्टचं (थंड इंजिन सुरू करायचं) सेटिंग अजून बाकी आहे आणि आपल्याकडे थंडी पडते कुठे? डिसेंबरात गाडी रात्रभर येऊरला डोंगरात मित्राकडे लावतो, तुम्ही सकाळी चहाला या, वहिनींनाही आणा.