आधी पाठ, मग तोंड: नानांना आभाराचं पत्र

ती. स्व. नाना यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इंग्लंडात राहून जुन्या फर्निचरच्या नादाला लागलेल्या आम्हा मराठी मंडळींचं हे पत्र. जुनं सामान पारखायला शिकवल्याबद्दल खाजगीत आभार मानले तर तुम्ही "असू द्या हो" म्हणून उडवून लावता, म्हणून उघडच लिहितो आहोत. लिलावाच्या दालनात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याच्याही हे उपयोगी पडावं.

व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१, म्हणजे जवळजवळ चौसष्ट वर्षांची. ‘व्हिक्टोरियन’ नावाच्या एवढ्या मोठ्या गाठोड्यात दुकानदार वाटेल ते कोंबतो. त्यावर तुमचा उतारा साधा: आधी पाठ, मग तोंड. समोरचं कोरीवकाम नकली करणं सोपं असतं, पण पाठीमागच्या रंधा न मारलेल्या फळीवर सहसा कुणी मेहनत घेत नाही. तिथे करवतीच्या खुणा सरळ, पण कमीजास्त अंतरावर असतील तर करवत हाताची. कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गोल करवत, म्हणजे साधारण १८३० नंतरचं काम.

मग खण पूर्ण बाहेर काढून उलटा करायचा. डव्हटेल सांध्याचे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे, दात लहानमोठे असतील आणि शेजारी आखणीची बारीक रेघ दिसत असेल तर ते हाताचं काम. मात्र दात एकसारखे दिसले की लगेच "नकली" म्हणू नका, हे तुम्ही किती वेळा बजावलंत! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राचे सांधे आलेच होते, आणि चांगल्या कारखान्यांत हातानेच सांधे करण्याची पद्धतही चालू होती. खरा पुरावा झिजेचा. खणाच्या बाजू खालून घासलेल्या हव्यात आणि खण ज्या पट्टीवर सरकतो तिच्यावर त्याच जागी चर पडलेला हवा. खण झिजलेला आणि पट्टी कोरी असेल तर खण दुसऱ्या घरचा.

स्क्रूचंही तसंच. टोकदार स्क्रू बर्मिंगहॅमला यंत्रावर निघू लागले ते १८५४ पासून. त्याआधीचे बोथट टोकाचे, आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यापासून सरकलेली. पण स्क्रू काय, कुणीही बदलतो. म्हणून स्क्रूपेक्षा त्याच्याभोवतीचं लाकूड पाहायचं. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळं वर्तुळ पडतं, आणि ते एका दिवसात पडत नाही. काळ्या डागाशेजारी रिकामं भोक दिसलं तर मूळ मूठ किंवा बिजागरी कुठे होती तेही कळतं.

गोल टेबलाला टेप लावायला तुम्ही शिकवलंत, त्याची तर गंमतच वाटते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांचं मीटरभर टेबल नीट गोल राहतच नाही, एका बाजूने काही मिलिमीटर कमी भरतं. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली की संशय घ्यायचा.

‘लग्न लावलेल्या’ कपाटांनी मात्र जाणत्यांनाही गंडवलं आहे. एकाचं काचेचं वरचं अंग, दुसऱ्याचं खालचं, आणि किंमत अख्ख्याची. वरचा भाग उचलून बघायचाच. खालच्या कपाटाच्या माथ्यावर, वरच्या भागाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, उंची व्हिनियर (महाग लाकडाचा वरून चिकटवलेला पापुद्रा) आणि पॉलिश सापडलं तर लग्न नंतरचं. न दिसणाऱ्या जागी महाग लाकूड वाया घालवायला तो सुतार वेडा नव्हता. दोन्ही भागांच्या पाठीच्या फळ्या एकाच जातीच्या, एकाच रंगाच्या हव्यात. पोखरलेल्या लाकडात किड्याची भोकं गोल, एक-दोन मिलिमीटरची असतात. भोकांऐवजी पृष्ठभागावर उघड्या नळ्या दिसल्या तर जुनं लाकूड नंतर कापून वापरलं आहे. भोकाखाली ताजी फिकट पिठी पडत असेल तर किडा जिवंत आहे, ती वस्तू घरातल्या बाकीच्या सामानाजवळ ठेवायची नाही.

खुर्च्यांचा सहाचा संच घेताना बैठकीच्या चौकटीवर आतून पटाशीने मारलेले रोमन आकडे जुळवायचे. हातवाली खुर्ची साध्या खुर्चीपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर रुंद हवी. तेवढीच भरली तर साध्या खुर्चीला नंतर हात चिकटवलेत.

धातूच्या मुठीवर किंवा चाकावर पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा, नमुना नोंदवल्याचा शिक्का दिसला की आम्ही हुरळायचो. तो १८४२ ते १८८३ मधला. वरच्या वर्तुळातला रोमन एक म्हणजे धातू, दोन म्हणजे लाकूड. १८६७ पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या. १८८४ पासून नुसता नोंदणी क्रमांक. पण ही तारीख नमुना नोंदवल्याची, वस्तू बनल्याची नव्हे, आणि मुठीवरचा शिक्का कपाटाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. हे तुम्ही सांगितलं नसतंत तर कितीजण फसले असते!

पॉलिशच्या बाबतीत तुमचा हट्ट आम्हाला आधी जाच वाटायचा. आता पटतो. ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणजे आपलीच चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. वस्तूच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा कापूस दहा सेकंद टेकवायचा. चिकट झालं तर लाख, काहीच झालं नाही तर बहुधा आधुनिक पॉलियुरेथेन वॉर्निश. लाख असेल तर खरवडायची नाही, वरून नवा पातळ हात द्यायचा. दीडशे वर्षांची झळाळी सँडपेपरने अर्ध्या तासात जाते. सुटलेल्या सांध्यात फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद भरणाऱ्यांवर तुम्ही चिडता तेही योग्यच. जुना सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा गोंद, कोमट पाण्याने सुटतो, हा पांढरा सुटत नाही, आणि पुढचा सांधा लाकडासकट तुटतो.

शिसवीबद्दल एक. इंग्रजी घडणीत ती बहुतेक वेळा दुसऱ्या लाकडावर चढवलेलं पातळ व्हिनियर असते. मुंबईत त्याच काळात इंग्रज आणि पारशी गिऱ्हाइकांसाठी घडलेलं जाळीदार वेलबुट्टीचं सामान भरीव शिसवीचं, उचलताना हात भरून येतात. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, तेव्हा वस्तू देशाबाहेर पाठवण्याआधी कागदपत्रं तपासावीत. कुलपाच्या भोकाभोवती हस्तिदंताची चकती असेल तर जून २०२२ पासून इथे विक्रीवर बंदी आहे. १९४७ पूर्वीची आणि हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असलेली वस्तू नोंदणी करूनच विकता येते.

राहिल्या काचेच्या घुमटातल्या शोभेच्या वस्तू. घुमट सरळ वर, दोन्ही हातांनी, खालच्या कडेला धरून उचलायचा. मेणाची फळं असतील तर ऊन आणि हीटर दोन्ही लांब. पेंढा भरलेले पक्षी असतील तर हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही, कारण त्या काळी कातडी टिकवायला विषारी सोमलाचा (आर्सेनिकचा) साबण वापरत. ही सूचना तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिलीत, त्याबद्दल विशेष आभार.

तुमचं भिंग आमच्याकडेच राहिलं आहे. रविवारी आणून देतो.

आपले,
जुन्या सामानवाले