फेज मोजू नका, तापमान मागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकाच्या नव्या सुट्या भागांची ओळख करून देणारा मजकूर मराठी वृत्तपत्रांतून आता वरचेवर येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची अभियांत्रिकीची मुले तो वाचून ओव्हरक्लॉकिंगसाठी (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी) ५० हजारांच्या पुढचा मदरबोर्ड मागवतात आणि घरी खर्च पटवताना ‘वीस फेज आहेत’ एवढेच सांगतात. अशा बोर्डांबद्दल लिहिताना खोक्यावरचे नव्हे, मोजलेले आकडे छापावेत, अशी विनंती आहे.

खोक्यावरच्या ‘२०+१+२’ मधले २० म्हणजे प्रोसेसरच्या कोअरना वीज देणारे फेज, म्हणजे व्होल्टेज उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या व्हीआरएम या मंडलाचे समांतर भाग. त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर दहाच चॅनेल चालवत असेल आणि प्रत्येक चॅनेलवर दोन पॉवर स्टेज (प्रत्यक्ष करंट सोडणाऱ्या चिप) जोडले असतील, तरी खोक्यावर २०च येतात. याला लबाडी म्हणता येत नाही, कारण जोडीतले स्टेज उष्णता वाटून घेतात. पण वीस स्वतंत्र फेज ही वेगळी गोष्ट. हिशेबच करू. इंटेलच्या आय९-१४९००केची टर्बो (पूर्ण वेगातली) वीजमर्यादा २५३ वॅट, १.३ व्होल्टला तो सुमारे १९५ अँपिअर ओढतो. ३५० वॅटला नेला तरी २७०. ९० अँपिअरचे बाराच स्टेज १०८० अँपिअरचे होतात. तेव्हा करंट कमी पडत नाही, त्रास देते ती उष्णता. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर २५३ वॅट पुरवताना २८ वॅट व्हीआरएममध्येच उष्णता होऊन राहतात. त्यासाठी पाती असलेला, पॅड नीट टेकलेला हीटसिंक (उष्णता शोषून वाऱ्यात सोडणारा धातूचा ठोकळा) लागतो. प्लॅस्टिकचे झाकण आणि रंगीत दिवे लावलेला ठोकळा शोभेपुरता. डब्यावरचे चित्र बघून कुंदा घेण्यातला प्रकार!

परीक्षणात खोलीचे तापमान दिलेच पाहिजे. एसीत २२ अंशांना ७० दाखवणारा व्हीआरएम एप्रिलमध्ये ३६ अंशांच्या खोलीत ८४-८५ वर जातो. त्यातून प्रोसेसर पाण्याने थंड करणारा वॉटर कूलर असेल तर सॉकेटभोवती वाराच फिरत नाही. प्रोसेसरवर बसणाऱ्या साध्या टॉवर कूलरचा पंखा व्हीआरएमलाही वारा घालत असतो. म्हणून महागडा कूलर लावल्यावर व्हीआरएम जास्त तापल्याच्या तक्रारी येतात. कॅबिनेटच्या वरच्या-मागच्या कोपऱ्यात वारा बाहेर टाकणारा एक १२० मिलिमीटरचा पंखा लावला की बहुतेक वेळा काम भागते.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे लोडलाइन कॅलिब्रेशन. उद्यमबागेच्या कारखान्यांत मोठी मोटर सुरू झाली की दिवे क्षणभर मंद होतात, तसे लोड (कामाचा ताण) येताच प्रोसेसरचे व्होल्टेज खाली बसते. ते बसू नये म्हणून मुले ही सेटिंग सर्वांत कडक करतात. मग लोड सुटताच व्होल्टेज ठरवल्यापेक्षा वर उसळते. ही उसळी मायक्रोसेकंदांची असल्याने सॉफ्टवेअरला दिसत नाही, पण प्रोसेसरला बसते. मधली पातळी पुरते. त्यात आकड्यांचा घोळ आहे: असुसमध्ये आकडा वाढला की सेटिंग कडक होते, एमएसआय आणि असरॉकमध्ये १ सर्वांत कडक. एका बोर्डवरचे आकडे दुसऱ्यावर उतरवणाऱ्यांचे इथेच फसते. चांगल्या बोर्डवर मल्टिमीटर लावायला मोजणीबिंदू असतात. महाग बोर्ड घ्यायला हे कारण पटण्यासारखे आहे.

चिपसेटबद्दल, म्हणजे बोर्डवरच्या नियंत्रक चिपबद्दल, थोडक्यात. इंटेलमध्ये के मालिकेचा प्रोसेसर आणि झेड चिपसेट दोन्ही हवेत. बी७६० वर रॅमचा वेग वाढतो, प्रोसेसरचा गुणक (ज्याने मूळ घड्याळाला गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) नाही. एएमडीत बी६५० पुरतो, ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही.

रॅमच्या दोनच स्टिक घ्याव्यात आणि प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. चार भरल्या की वेग पडतो. रायझेन ७००० साठी चार डीडीआर५ स्टिकचा अधिकृत वेग ३६०० आहे. पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेत असल्यामुळे) स्क्रीन काही मिनिटे काळीच राहते. घाबरून बटण बंद करू नये.

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बायोसचे (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट चालू असताना ती गेली की बोर्ड मरतो. त्यामुळे बायोस फ्लॅशबॅकचे बटण ही इथे चैन नाही. फॅट३२ केलेला पेनड्राइव्ह, पुस्तिकेत दिलेल्या नावाची फाइल, २४ पिनी व ८ पिनी जोडण्या एवढ्यावर, प्रोसेसर न बसवताही, बोर्ड पुन्हा उठतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर अपडेट टाळूच नये. वाढीव व्होल्टेजने ते खराब होऊ लागल्यावर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (बायोससोबत येणारी प्रोसेसरची अंतर्गत दुरुस्ती) आला. तो किंवा त्यानंतरचा असल्याशिवाय गुणकाला हात लावू नये.

चाचणीचा क्रम असा ठेवावा: आधी मूळ सेटिंगवर प्रोसेसरला राबवणारे सिनेबेंच आर२३ अर्धा तास, मग रॅमचे प्रोफाइल (जाहीर वेगाचे तयार सेटिंग) चालू करून रॅम तपासणारे टेस्टमेम५, शेवटी गुणक एकेक पायरीने वाढवत ताणाची चाचणी घेणारे ओसीसीटी. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे मोजमापे दाखवणारे सॉफ्टवेअर उघडे ठेवून व्हीआरएमचे तापमान आणि ‘व्हिया’ त्रुटींची (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुकांची) संख्या पाहावी. संगणक बंद पडला नाही पण ती संख्या वाढते आहे, तर ते सेटिंग स्थिर नाही. व्हीआरएम ९० अंशांच्या आत राहावा.

खरेदीच्या वेळी दुकानातच सॉकेटचे झाकण काढून पिनांचा जवळून फोटो घ्यावा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि ती आधीचीच होती हे नंतर सिद्ध करता येत नाही. झाकण जपून ठेवावे. सर्व्हिस सेंटरला बोर्ड देताना ते लागते. बिलावर सीरियल नंबर घालून घ्यावा. माल कोल्हापूर-पुण्याहून मागवला असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही.

आपले नम्र,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारे काही वाचक,
टिळकवाडी, बेळगाव