अण्णांची ट्रंक

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर कुरकुरलीस, "आई, इंजिनिअर होऊन सकाळपासून सळया मोजतेय." मी हसले, ते तुला आवडलं नाही. स्लॅब भरायच्या आधी सळया मोजायला साइटवरच्या सगळ्यात नव्या माणसाला पाठवतात, हे अण्णांसारख्या इंजिनिअर बापाच्या घरात वाढलेल्या मुलीला ठाऊक असतं गं. फोन ठेवला आणि बाबांना माळ्यावर चढवून अण्णांची काळी ट्रंक खाली काढायला लावली. मार्चमध्ये त्यांना जाऊन वर्ष होईल. ते गेले तेव्हा तुझी परीक्षा होती, नंतर जो तो आपापल्या कामाला लागला, आणि तुझ्याशी त्यांच्याबद्दल कुणी धड बोललंच नाही.

ट्रंकेच्या झाकणावरचा पांढऱ्या रंगातला हुद्दा अर्धा खरवडला गेलाय. आत स्लाइड रूल (त्यांची गणितं करायची सरकती पट्टी), मोजायची कापडी टेप, दोन खाकी वह्या आणि गंजलेली एक विणायची सुई. सुईचं सांगते, पण आधी पानशेत.

१९६१ साली अण्णा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला होते, नारायण पेठेत एका वाड्यात खोली घेऊन राहायचे. १२ जुलैला सकाळी पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यानं त्याच दिवशी १८७९ सालचं खडकवासलाही नेलं. नेसत्या कपड्यांनिशी ते पर्वतीकडे पळाले. टी-स्क्वेअर आणि वर्षभराचे ड्रॉइंग-शीट खोलीतच राहिले. पाणी ओसरल्यावर परतले तर खोलीच नव्हती. वाड्याच्या भिंती मातीच्या. पुरात उभ्या राहिल्या, भिजून नंतर बसल्या.

धरण का फुटलं हे ते आम्हाला जेवताना ताटात भाताचा बांध घालून दाखवायचे. काम पुरतं व्हायच्या आधीच पाणी अडवलं होतं. मातीच्या भरावाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी जाते, तिला सळईचं काँक्रीट नव्हतं. मोरी ढासळू लागली तसा वरचा भराव खचत गेला. इथे ते बोटानं भाताखालून आमटीला वाट करून द्यायचे आणि तुझी आजी ओरडायची. मग आवाज बदलायचा. आदल्या रात्री लष्कराचे जवान त्या खचत्या बांधावर वाळूची पोती रचत होते. त्यामुळे धरण रात्री न जाता दिवसा गेलं, लोक जागे होते, पळू शकले. "मी पळालो तो त्या पोत्यांमुळे," म्हणायचे.

पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झालं. पदवी हातात पडल्यावर घरच्यांनी पाटबंधारे खात्याचा अर्ज आणून ठेवला होता. यांनी इमर्जन्सी कमिशन, म्हणजे लष्करात ठरावीक वर्षांची अफसरी, घेतलं. दापोडीच्या सीएमईत, लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकून खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या दलात गेले. तिथे नव्या पोरांना राम राघोबा राण्यांची गोष्ट सांगत. राणे कारवारकडचे. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर ते रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत सुरुंग काढत गेले आणि दोऱ्या ओढून ड्रायव्हरला चल-थांबच्या खुणा करत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. अण्णांना मात्र चक्रापेक्षा दोरीचं अप्रूप. "इंजिनाच्या आवाजात हाक कुठली ऐकू जाणार? पण हे सुचायला पाहिजे ना!"

स्वतःच्या लढाईबद्दल फार बोलले नाहीत. १९६५ ची शस्त्रसंधी झाल्यावर पंजाबात शेतांमधले सुरुंग काढायचं काम त्यांच्याकडे होतं. बांधावर शेतकरी पेरणीसाठी ताटकळत बसलेले असायचे, एवढंच कळलं. काम कसं करतात ते मात्र मला शिकवलं होतं. मी तिसरीत असेन. परातीत कणीक ओतली, तिच्यात काजळाच्या डबीचं झाकण पुरलं आणि आजीची विणायची सुई माझ्या हातात दिली. पोटावर झोपायचं. सुई उभी नाही खुपसायची, जमिनीशी ३० अंशांत तिरकी, हलकेच. उभी गेली तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडतो, तिरकी गेली तर कडेला लागते. टक्क झालं की थांबायचं आणि बोटांनी कडेची माती काढायची. मी घाईत सुई उभी घातली. ते काही बोलले नाहीत, नुसती माझी करंगळी दुमडून मुठीत धरली. आजीची सुई त्यानंतर परत गेली नाही.

१९६८ ला फौजेतून मोकळे झाले आणि शेवटी त्याच पाटबंधारे खात्यात लागले. ७२ च्या दुष्काळात सांगोल्याकडे पाझर तलावांच्या कामावर होते. हजारभर माणूस मातीवर, त्यात बायका जास्त. बांधाचा भराव पातळ थरांनी टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं, मग वरचा थर. थर नीट दबलाय का ते बघायला प्रॉक्टरची सुई म्हणून उपकरण असतं, ते तू शिकली असशील. त्या माळावर ते कुठलं मिळायला! अण्णा एक सळई घेऊन बांधावर फिरायचे. सळई सहज आत गेली की थर उकरून पुन्हा ठोकायला लावायचे. फौजेतली सवय, दुसरं काय. लोक त्यांना 'टोच्या साहेब' म्हणत, हे त्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं.

कौतुकानं न सांगितलेली गोष्ट मला फार उशिरा कळली. एकदा असाच थर उकरायला लावला. मोजमाप नव्यानं लिहावं लागलं आणि त्या टोळीची मजुरी पंधरा दिवस लांबली. एक बाई आली आणि सुकडीचा, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या खाण्याचा, रिकामा डबा त्यांच्या टेबलावर उपडा ठेवून गेली. शब्दही बोलली नाही. "थर कच्चाच होता," अण्णा मला म्हणाले, "पण आधी पगार काढून मग उकरता आला असता. सुचलं नाही." सत्तरी उलटल्यावर सांगत होते.

तलाव पावसात भरला आणि माघात कोरडा. गाव हसलं, साहेबांचा तलाव गळका. अण्णा त्यावर फक्त खालच्या अंगाच्या विहिरी मोजायला गेले. पाझर तलाव गळण्यासाठीच, पाणी मुरून खालच्या विहिरींत उतरावं म्हणूनच असतो, हे मला आजही सहज पटत नाही. तुला पटत असेल.

मुंबईत एल्फिन्स्टन स्टेशनला (आताचं प्रभादेवी) २०१७ मध्ये चेंगराचेंगरी झाल्यावर तिथला पादचारी पूल लष्कराच्या इंजिनिअरांनी बेली पद्धतीनं, म्हणजे तयार पोलादी चौकटी पिनांनी जोडून बांधला, आठवतंय? तू दहावीत होतीस. २०१८ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला, तेव्हा "माझ्या लोकांचं काम बघायचंय" म्हणून हटून बसले. त्यांना घेऊन लोकलनं गेले. वर चढायच्या आधी पुलाखाली वाकून जोडाच्या पिना बघत राहिले. पोलीस आला, "आजोबा, काही पडलं का?" त्यालाच ऐकवलं, "बेलीचं एक पॅनल म्हणजे २६० किलो. आम्ही सहा जण उचलायचो." तो बिचारा पाच मिनिटं उभा राहून ऐकत होता. मागे गर्दी तुंबली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीला येशील तेव्हा ट्रंक घेऊन जा. स्लाइड रूल चालू आहे, टेप पहिल्या दोन फुटांत विटलीय, वह्यांतलं अक्षर तुलाच लागेल. सुई मात्र मी ठेवून घेतेय. तिची जोडीदारीण आजीच्या विणकामाच्या पिशवीत सापडली.

जेवणाची हेळसांड करू नकोस. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लाव, फोटोत लोंबताना दिसला.

तुझी,
आई