काळ्या कपड्यांतल्या बायका

संपादक महोदय,

गाझाच्या बातम्यांवर बोलताना 'ज्यू म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी' असं कुणी सरसकट म्हटलं, की मला फार वाईट वाटतं. जेरुसलेमच्या पॅरिस चौकात जानेवारी १९८८ पासून इस्रायली ज्यू स्त्रिया दर शुक्रवारी दुपारी एक ते दोन काळे कपडे घालून उभ्या राहू लागल्या. भाषणं नाहीत, घोषणा नाहीत. हातात पंजाच्या आकाराची काळी पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कब्जा थांबवा', म्हणजे पॅलेस्टिनी भूभागावरचा इस्रायलचा कब्जा. येणारे-जाणारे शिव्या देत, देशद्रोही म्हणत. त्या जागच्या हलत नसत. आपल्याच माणसांचा रोष पत्करायला केवढं धैर्य लागत असेल!

गाझाच्या सीमेलगत बेरी या किबुत्झमध्ये (सामूहिक वसाहतीत) राहणाऱ्या व्हिव्हियन सिल्व्हर तर गाझातल्या रुग्णांना गाडीने इस्रायली रुग्णालयांत पोहोचवायच्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांची हत्या झाली. त्यांच्या मुलाने सूड मागितला नाही. आईचं शांततेचं काम त्याने हाती घेतलं. अशा माणसांच्या बातम्याही आपल्या वृत्तपत्राने ठळकपणे छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे