भिंत फोडायच्या आधी

सातारा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मनू हीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास. आई म्हणते, रेंज गेली असेल. पण रेंज जाते तेव्हा शब्द तुटतात. तुझं "बाबा, मला कळतं हो" अगदी पूर्ण आणि खणखणीत ऐकू आलं. तेव्हा आता फोन नको, पत्रच बरं. इथे मला कुणी मध्येच तोडत नाही आणि तुला नको तेवढं गाळून वाचता येतं.

किचन आणि डायनिंग एक करायला माझी ना नाही, हे आधी लिहून टाकतो. बाबांना नवीन काही पटत नाही असं तू निखिलरावांना म्हणालीस, ते मला ऐकू आलं. अगं, यात नवीन काय आहे? पाटणच्या घरात आम्ही चुलीसमोरच पाट मांडून जेवायचो. आजी तव्यावरची भाकरी तिथूनच ताटात टाकायची. जेवायला वेगळी खोली मी पहिल्यांदा पाहिली ती साहेबांच्या बंगल्यात. तिथे ताटं घेऊन जाणाऱ्या बाईंचे पाय दुखायचे आणि आमटी गार व्हायची.

भिंतीचा विषय या पत्रात काढायचा नाही असं आईने बजावलंय. म्हणून प्लॅनबद्दल बोलतो.

प्लॅन मला आवडला. मोबाइलवर नीट दिसेना, म्हणून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला. एका चौकोनाला सहा इंच धरलेत, दारं कुठल्या बाजूला उघडतात त्यांचे पाव गोलही काढलेस. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी मुलगी ग्राफपेपरवर पेन्सिलीने प्लॅन काढते, म्हणून सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींना दाखवला. आमच्यातले एक निवृत्त डेप्युटी इंजिनिअर म्हणाले, हिला खात्यात घ्यायला हवी होती. मी काही बोललो नाही. तुझ्या बारावीनंतर आपल्या घरात त्यावरून काय झालं होतं ते त्यांना कशाला सांगायचं.

नऊ बाय आठचं किचन आणि नऊ बाय दहाचं डायनिंग मिळून १६२ चौरस फूट होतात. जिथे जेवायचंही आहे अशा स्वयंपाकघराला राष्ट्रीय बांधकाम संहितेत कमीत कमी ७.५ चौरस मीटर लागतात, म्हणजे साधारण ८१ चौरस फूट. तुझ्याकडे त्याच्या दुप्पट जागा आहे, त्यामुळे घाई करून काही कोंबू नकोस. टेबलाच्या दोन्ही बाजूंना तू दोन-दोन फूट सोडलेत, ते कमी पडतील. एकजण बसलेला असताना त्याच्या खुर्चीमागून दुसऱ्याला हातात गरम भांडं घेऊन जायचं असेल तर तीन फूट तरी हवेत. टेबल अडीच फुटांचं घे आणि एक बाजू भिंतीला लाव. आणि टेबल तू नेमकं त्या भिंतीच्या जागेवर काढलंयस. म्हणजे भिंत गेलीच असं धरून चाललीयस.

नाही, आधी ओट्याचं.

आईचा आग्रह आहे की ओटा तुझ्या मापाने कर. इंटिरिअरवाला जे ३४ इंच म्हणतो ते डोळे मिटून मान्य करू नकोस. सरळ उभं राहून कोपरात हात वाकवायचा, जमिनीपासून कोपराची उंची घ्यायची आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. क्वार्टरमधला ओटा तुला आठवतो? आईची उंची चार फूट अकरा, आणि तो ओटा कुणा उंच माणसाला समोर उभं करून बांधलेला. पोळ्या लाटताना ती पाटावर उभी राहायची. तू खाली बसून त्या पाटाचा खिळा नखाने उपसायचीस, आणि ती लाटणं हातात घेऊन ओरडायची, "अगं, मी पडेन!" आपलं घर बांधलं तेव्हा मिस्त्री ३३ वर अडून बसला होता, तर तिने त्याच्या हातातून टेप घेतली आणि ३१ वर स्वतः खूण केली. तो ओटा अजून तसाच आहे, कडप्पाचा, गॅसजवळच्या कोपऱ्यात टवका उडालेला.

चिमणीचं लक्षात ठेव. खोली एक झाली की मिरचीची फोडणी थेट सोफ्यापर्यंत येणार, आणि रविवारी तुमच्याकडे मटण असतंच. धूर फिरवून परत घरात सोडणारी बिनडक्टची चिमणी घेऊ नकोस. डक्ट बाहेर काढ, सहा इंची, वळणं कमीत कमी. हॉलच्या बाजूला सरकतं काचेचं दार लावलंस तर आणखी बरं. ओव्हन, मिक्सर, इंडक्शन सगळं एका रांगेत काढलंयस. त्या प्रत्येक सोळा अँपिअरच्या पॉइंटला चार चौरस मिलिमीटरची वायर ओढून घे आणि सिंकच्या अगदी वर पॉइंट नको. कपाटांना प्लायवूड घेताना शिक्का बघ, आयएस ७१० असलेलं मरीन. सिंकखाली दुसरं काही टिकत नाही.

परत व्याख्यान झालं. माफ कर. चाळीस वर्षं मजुरांना आणि ठेकेदारांना सूचना देऊन जिभेला वळण तेच पडलंय. तू घर तुझ्या कमाईतून घेतलंस, कर्ज तुझ्या नावावर आहे, त्यात मी नाक खुपसू नये हे मला कळतं. सोसायटीच्या पाटीवर तुझं नाव आधी आणि निखिलरावांचं नंतर आहे, त्याचा फोटो मी आत्याला पाठवला होता. तिचं उत्तर काय आलं ते सांगत नाही.

पण मनू, ती भिंत पार्टिशन नाही.

दिवाळीत तुम्ही दोघं पाडव्याच्या खरेदीला गेलात तेव्हा मी किचनच्या दाराशी टेप लावली. प्लॅस्टर धरून दहा इंच भरली. साडेचार इंची भिंत असती तर प्लॅस्टरसकट साडेपाच, फार तर सहा भरली असती. म्हणजे विटेची नऊ इंची भिंत आहे. मग सगळ्या खोल्यांचे कोपरे पाहिले. कुठेही कॉलम बाहेर आलेला नाही, छताला बीम दिसत नाही. १९८२ ची तळमजला अधिक दोन मजल्यांची बिल्डिंग. त्या काळात पुण्यात अशा कित्येक इमारती लोड बेअरिंगच्याच, म्हणजे सगळं वजन भिंतींवर पेलणाऱ्या, झाल्या. वरच्या आजींकडे फराळाचं ताट मी मुद्दाम स्वतः नेऊन दिलं. त्यांच्याकडेही बरोबर त्याच जागी तेवढीच जाड भिंत आहे. तुझा इंटिरिअरवाला बोटाने टकटक करून म्हणाला ना, की पोकळ वाजते, पार्टिशनच आहे? विटेपासून प्लॅस्टर सुटलं की दीड फुटी भिंतही पोकळ वाजते. मुलगा चांगला आहे, त्याची शटरची आणि रंगाची समज उत्तम आहे, पण हा विषय त्याचा नाही.

तू तळमजल्यावर आहेस. तुझ्या छताचा स्लॅब, पहिल्या मजल्याचा, गच्चीचा, आणि मधल्या दोन मजल्यांच्या भिंती, या सगळ्यांचा वाटा त्या नऊ फुटांवर येतो. मी कच्चा हिशेब केला, पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. दोन भरलेले ट्रक छतावर उभे आहेत असं समज.

तू म्हणशील, बाबा घाबरट झालेत. असेन. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. हे तुला तुकड्यातुकड्याने माहीत आहे, पूर्ण कधी सांगितलं नाही, कारण नाना असताना घरात तो विषय निघायचा नाही. आधी आवाज आला, खालून, जमिनीच्या पोटातून. मग मांडणीवरची पितळेची भांडी सगळी एकदम खाली आली. आजीने मला बखोटीला धरून अंगणात ओढलं. उजाडल्यावर पाहिलं तर माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यातली दगडमातीची भिंत नव्हती. चूल मातीखाली गेली होती आणि दुधाचं पातेलं उपडं पडलं होतं. पण छप्पर वर तसंच. तुळया, वासे, कौलं, सगळं सागवानी खांबांवर उभं. आम्ही मुलं त्यावर हसलो, भिंती नसलेलं घर म्हणून. नानांनी प्रत्येक खांबाला हात लावून पाहिलं आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही. पुढे थंडीत कितीतरी रात्री शेतात गवताच्या खोपीत काढल्या. शेजारच्या आळीत खांब नसलेली घरं होती. तिथलं लिहीत नाही.

तुझ्या बिल्डिंगमध्ये ते सागवानी खांब नाहीत. भिंती हेच खांब. एवढंच मला फोनवर सांगायचं होतं, आणि मी "तुम्हाला आजकाल कशाचंच काही वाटत नाही" असं काहीतरी बोलून बसलो.

किल्लारीला ९३ साली आमच्या खात्याची माणसं पाठवली, त्यात मीही होतो. तू तेव्हा नुकती बसायला लागली होतीस. परत आलो तर तू मला ओळखेनास, दाढी वाढली होती म्हणून. आई म्हणते मी तेव्हापासून कुठल्याही घरात शिरलो की आधी वर बघतो, मग माणसांकडे. तुझ्या लग्नाच्या बोलणीला गेलो तेव्हाही म्हणे मी व्याह्यांच्या हॉलचा बीमच बघत होतो.

भिंत फोडताच येत नाही असं मी म्हणत नाही. येते. पण रीत आहे. आधी महापालिकेचं लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलाव. बिल्डिंगचे जुने मंजूर नकाशे सोसायटीकडे नसतील तर महापालिकेतून काढता येतात, ते त्याच्या हातात दे. स्लॅब कुठल्या दिशेने टेकलाय ते तो सांगेल. त्याचं लेखी आल्यावर सोसायटीची एनओसी आणि महापालिकेची परवानगी. काम सुरू होताना दोन्ही बाजूंच्या स्लॅबला आधी लोखंडी प्रॉप, म्हणजे टेकू, लागले पाहिजेत. मग भिंतीच्या एका अंगाला खाच मारून एक चॅनेल, म्हणजे वरचं वजन पेलणारी लोखंडी तुळई, बसवायचा, तो पक्का झाला की दुसऱ्या अंगाने दुसरा, दोन्ही बोल्टने एकत्र आवळायचे, आणि टोकांना काँक्रीटचे ठोकळे. खालची वीट काढायची ती सगळ्यात शेवटी. मजुराला एकट्याला सोडलंस तर तो पहिला घण मध्यावर घालेल, कारण तिथे घण मारायला मोकळी जागा असते.

आणि अख्खी भिंत कशाला हवीय? दोन्ही कडांना दोन-दोन फूट राहू दे, मध्ये पाच फूट मोकळे होतील. टेबलावरून गॅस दिसेल, गॅसवरून रियाचा अभ्यास दिसेल. उरलेल्या दोन फुटांत एका बाजूला फ्रीज बसतो आणि दुसऱ्या बाजूला आईचं म्हणणं की देवघर. तुझ्या प्लॅनमध्ये देवघर कुठेच नाही हे तिने पहिल्या मिनिटात पाहिलं. ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं. तू नाही केलंस तरी चालेल. म्हणजे मला चालेल.

इंजिनिअरने बघून "पार्टिशनच आहे, काढा" असं लिहून दिलं, तर मी स्वतः येऊन नारळ फोडतो आणि पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण त्याने पाहण्याआधी नको. ठेकेदाराला तू १ डिसेंबरपासून सुरू कर म्हणाली आहेस, ती तारीख पुढे ढकल. रियाची परीक्षा आहे असं सांग, काहीही सांग. वरच्या आजी दुपारी एकट्याच असतात आणि त्यांचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे.

इंजिनिअरची फी मी देणार. त्यावर वाद नको. तुझ्या किचनला माझ्याकडून काहीतरी द्यायचंच होतं, आई मिक्सर म्हणत होती.

निखिलरावांना नमस्कार, रियाला पापा. गुडघा बरा आहे, आई उगाच काहीतरी सांगेल.

तुझा
बाबा

ता. क. गॅसची पाइपलाइन हलवायची असेल तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून हलव, प्लंबरकडून नको, आणि पाइप कपाटामागे बंद करू नकोस. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जातो, म्हणून खिडकीवरची हवेची झडप उघडी हवी. सिलिंडरचा जड, तो खाली साचतो. तुझ्याकडे पाइपचा आहे. खिडकीवरची ती झडप इंटिरिअरवाल्याने प्लॅनमध्ये बुजवलीय, बघून घे.