ईश्वरीची फी आणि तुझा पीएफ

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

ईश्वरीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळाले हे वाचून खूप बरं वाटलं. तिला माझा आशीर्वाद सांग. पण पत्राच्या शेवटी तिच्या फीबद्दल "पीएफमधून सहा लाख काढून मोकळा होतो" असं लिहिलंयस, त्यासाठीच हे पत्र. ऑनलाइन अर्ज अजून भरला नसशील तर थांब. पीएफमधून काढलेले पैसे मागाहून परत भरता येत नाहीत.

तू कळवलेल्या आकड्यांवरूनच हिशोब मांडतो. तू ४९ वर्षांचा, निवृत्ती ५८ ला. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं. हाच दर राहिला तर आजचे ६ लाख ९ वर्षांत सुमारे १२ लाख २५ हजार होतात. त्यातले १२ लाख निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेस, तर आजच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला २४,६०० रुपये हातात येतील, म्हणजे महिन्याला ८,२००. तू आत्ता सहा लाख काढतोयस असं तुला वाटतंय. खरं तर म्हातारपणीचे दरमहा आठ हजार काढतोयस.

आणि पेन्शनचं म्हणशील, तर ईपीएसच्या, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेच्या, भरवशावर राहू नकोस. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० असं ते सूत्र आहे, आणि पगार कमाल १५,००० धरतात. तुझी सेवा २८ वर्षं होईल, वीसपेक्षा जास्त सेवेची २ वर्षं वाढीव धरली तरी रक्कम साडेसहा हजारांच्या आतच. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची जुनी मर्यादा लागते, त्यामुळे त्याहूनही कमी. तुमच्या घराला आज महिन्याला ३५,००० लागतात. महागाई ६ टक्के धरली तर ९ वर्षांनी त्याच घराला ५९,००० लागतील. हे खिंडार आधीच मोठं आहे, त्यात आणखी भर घालू नकोस.

मग फीचं काय? कर्ज घे, आणि ते ईश्वरीच्या नावावर घे. आपल्याकडे बापाला हे जड जातं, मला कळतं. पण कर्ज फेडायला तिच्यापुढे तीस-पस्तीस वर्षांची कमाई आहे, तुझ्याकडे नऊ उरलीत.

चार वर्षांचा एकूण खर्च १० लाख धरलायस, त्यातले ६ लाख कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, तू सहकर्जदार म्हणून सही करायची. ४ लाखांवरच्या कर्जाला देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात.

आता मुख्य गोष्ट. या काळात हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. दर वर्षी दीड लाख उचल आणि १० टक्के व्याज धर. काहीच भरलं नाही तर हप्ते सुरू होताना ६ लाखांवर २ लाख १० हजार व्याज साचलेलं असेल, आणि १० वर्षांच्या मुदतीला पोरीला महिन्याला सुमारे १०,७०० चा हप्ता बसेल. तेच व्याज तू महिन्याच्या महिन्याला भरत गेलास तर पहिल्या वर्षी १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, चौथ्या वर्षी आणि नोकरीच्या शोधाच्या वर्षी ५,००० लागतील. मग तिचा हप्ता ७,९३० च्या आसपास राहतो. शिवाय असं व्याज भरत राहणाऱ्याला बऱ्याच बँका दरात १ टक्का सवलत देतात, आणि मुलींना काही सरकारी बँकांत अर्धा टक्का वेगळी. दोन्ही सवलती मंजुरीपत्रात लिहून घे, तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

८०ई च्या, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या, वजावटीसाठी कोणी जुनी करप्रणाली घ्यायला सांगेल. तुझं उत्पन्न ७ लाख ७० हजार. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत तसाही कर लागत नाही, तेव्हा त्या वजावटीचा तुला उपयोग शून्य.

कर्जाआधी मात्र एक काम कर, कारण तुझं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या आठ लाखांच्या मर्यादेत आहे. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळाला तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ते पूर्ण माफ आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाचं प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाक, प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात रांगा लागतात. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला यातलं काहीही मिळत नाही. म्हणून एखादा एजंट "कोट्यातून सीट करून देतो" म्हणाला, तर त्या सीटची किंमत फक्त जास्तीची फी नसून गेलेली माफीसुद्धा आहे, हे लक्षात ठेव. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघून घे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नकोस.

शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पैसे ज्या खात्याला आधार जोडलेलं असतं तिथेच जातात. तिचं एखादं जुनं, बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं राहिलं असेल तर रक्कम तिथे अडकते, म्हणून बँकेत जाऊन आधी ते तपासून घे. आणि ईश्वरीला स्पष्ट सांग की ईयर डाऊन झालं, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलं, तर शिष्यवृत्तीही थांबते आणि बँक पुढची उचलही अडवून धरते. तिला घाबरवायला हे सांगत नाही, पण अठराव्या वर्षी तिला हे माहीत असायलाच हवं.

सुकन्या खात्यात ३ लाख ६० हजार आहेत म्हणालास. दहावी झाली की मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्मे शिक्षणासाठी काढता येतात, एकदम किंवा वर्षाला एक अशा पाच हप्त्यांत. चार हप्ते कर. उरलेल्यावर ८.२ टक्के व्याज चालू राहतं, एवढा दर आज मोठ्या बँकांच्या एफडीत मिळत नाही. प्रवेशपत्र आणि फीची पावती लागेल.

म्हणजे ६ लाख कर्ज, १ लाख ८० हजार सुकन्या, आणि उरलेले २ लाख २० हजार पगारातून, महिन्याला ४,६०० च्या आसपास. शिष्यवृत्ती लागली तर तेवढं कर्ज कमी उचल. मंजुरी सहा लाखांची असली तरी सगळी उचलायची सक्ती नसते.

एवढं करूनही तुझ्या हातात काही उरतंय. त्यातून व्हीपीएफला, म्हणजे पीएफमधल्या स्वेच्छेच्या जादा वर्गणीला, महिन्याला ५,००० लाव. नऊ वर्षांत साडेसात लाखांहून जास्त होतील. कंपनी वर्षातून एकदाच व्हीपीएफ बदलू देत असेल, तर एचआरला आधी विचार.

तुझा ओंकार आठवीत आहे, त्याच्यासाठीची ५,००० ची म्युच्युअल फंडातली एसआयपी चालू ठेव, पण तो दहावी झाला की दर सहा महिन्यांनी थोडी थोडी रक्कम एफडीत वळव. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २५,९८१ वर बंद झाला होता. बाजार नंतर सावरला, पण फीची तारीख बाजारासाठी थांबत नाही.

तू सहकर्जदार आहेस, म्हणून ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स सही करण्यापूर्वी घे. कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबू नकोस, तो निवृत्तीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ता घेतलीस तर जुन्या आजारांचा जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ नोकरीतच निघून जाईल.

बँकेत जाताना कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजच्या लेटरहेडवरचं चार वर्षांचं फीपत्रक (हॉस्टेल, मेस आणि लॅपटॉप त्यात लिहून घे, तरच कर्जात धरतात), दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, तुझा फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट असू दे. मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. व्याजाचा दर, तो कशाला जोडलाय आणि हप्ते सुरू होण्यापूर्वी सरळव्याज आहे का, या तीन ओळी आपण फोनवर एकत्र वाचू.

वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
विनय